आम्ल किती, यापेक्षा आम्ल कसलं

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

वापरलेल्या तळणाच्या तेलाबद्दल दोन महिन्यांपूर्वी याच पानावर लिहिलं होतं. त्या तेलापासून बायोडिझेल करता येतं आणि मागे ग्लिसरीन उरतं, एवढं त्यात शेवटी जाता जाता आलं होतं. पत्रं मात्र त्या एका ओळीवरच जास्त आली. पेडण्याहून, कळंगुटहून, वाळपईहून, चोडणहून आणि एक आमच्या फोंड्यातून, माझ्या घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावरून. म्हणून या वेळचं सगळं पान ग्लिसरीनला दिलं आहे. रसायनशास्त्रात त्याला ग्लिसरॉल म्हणतात. मी दोन्ही शब्द वापरीन, वस्तू एकच.

प्रश्न (एक गृहिणी, पेडणे): बांगडे तळताना तेल जास्त तापलं की डोळे चुरचुरतात, घसा धरतो. मिरचीचा ठसका वेगळा आणि हा वेगळा, एवढं मला कळतं. अकरावीतला मुलगा म्हणतो, तेलातलं ग्लिसरीन जळतं म्हणून असं होतं. खरं आहे का?

उत्तर: मुलगा बरोबर वाटेवर आहे, त्याला शाबासकी द्या. थोडीशी दुरुस्ती अशी, की तेलात ग्लिसरीन सुटं नसतं. ग्लिसरॉलच्या एका रेणूला तीन स्निग्धाम्लं बांधलेली असतात आणि त्या गाठोड्यालाच आपण तेल म्हणतो. तेल धुरावण्याइतकं तापलं, त्यात माशाचा ओलावा मिळाला, की काही गाठी सुटतात आणि थोडं ग्लिसरॉल मोकळं होतं. एवढ्या उष्णतेत त्याच्यातून पाण्याचे दोन रेणू निघून जातात आणि उरतं ते ॲक्रोलीन. ते 53 अंश सेल्सियसलाच उकळतं, म्हणजे कढईवर ते वाफ होऊनच वर येणार आणि सरळ डोळ्यांत जाणार. तुम्ही दोन ठसके वेगळे ओळखलेत ते अगदी योग्य. ॲक्रोलीन विषारी आहे, त्याची सवय करून घेऊ नका. तेलातून निळसर धूर दिसला की गॅस लगेच बारीक करा आणि खिडकी उघडा. पाऊस आत येत असला तरी उघडा.

आमच्या वेळी प्रॅक्टिकलला ग्लिसरॉल ओळखायची परीक्षा हीच होती. परीक्षानळीत दोन थेंब ग्लिसरॉल, त्यावर चिमूटभर पोटॅशियम बायसल्फेट, आणि दिव्यावर धरायचं. जळक्या तेलाचा तो तिखट वास आला, की वहीत 'ग्लिसरॉल आहे' असं लिहायचं. बायसल्फेट आम्लधर्मी असतं, ते पाणी ओढून काढतं. ग्लिसरॉल आणि आम्ल यांचं नातं पहिल्यांदा मला नाकाने कळलं. पुढच्या पत्राचं उत्तर तिथूनच सुरू होतं.

प्रश्न (टी.वाय.बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, फोंडा): बाई, आमच्या प्रोजेक्टमध्ये ग्लिसरॉल आणि ॲसिटोनपासून सोलकेटल करायचं होतं. दोन्ही फ्लास्कमध्ये ग्लिसरॉल 9.2 ग्रॅम आणि ॲसिटोन 44 मिली घेतलं. एकात 1 मिली कॉन्क. सल्फ्युरिक ॲसिड घातलं, दुसऱ्यात 1 ग्रॅम ॲम्बरलिस्ट-15 रेझीन, म्हणजे आम्लधर्मी प्लास्टिकचे बारीक मणी. दोन्ही गरम पाण्यात ठेवून ढवळत राहिलो. सल्फ्युरिकचा फ्लास्क तासाभरात कोऱ्या चहासारखा झाला. रेझीनचा स्वच्छ राहिला आणि त्यातून सोलकेटल चांगलं निघालं. आम्हांला दिलेल्या माहितीपत्रकात छापलंय, की 'उत्प्रेरकाची आम्लता जितकी जास्त, तितकं रूपांतर जास्त'. मग सल्फ्युरिक हरलं कसं? व्हायव्हाला काय सांगू?

उत्तर: तुझं पत्र मी दोनदा वाचलं, कारण तू मापं लिहिली आहेस. मापं लिहिणाऱ्या मुलांना उत्तर देताना हात आखडत नाही.

आधी मापांकडेच बघू. 9.2 ग्रॅम ग्लिसरॉल म्हणजे मोलचा दहावा भाग, आणि 44 मिली ॲसिटोन म्हणजे साधारण 0.6 मोल. एकास सहा, छान. पण आम्ल? कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक साधारण 18 मोलर असतं आणि त्याच्या प्रत्येक रेणूत दोन प्रोटॉन. म्हणजे तुझ्या 1 मिलीत 36 मिलिइक्विव्हॅलंट (हे प्रोटॉन मोजायचं एकक) आम्ल गेलं. ॲम्बरलिस्ट-15 च्या कोरड्या 1 ग्रॅममध्ये असतं 4.7. तू सारखं सारखं घातलंस असं तुला वाटलं, प्रत्यक्षात एका फ्लास्कमध्ये साडेसात पटींहून जास्त आम्ल होतं. तरीही कमी आम्लाचा फ्लास्क जिंकला. हे व्हायव्हात सांग, आकड्यांसकट सांग. परीक्षक खुर्चीत सरळ होऊन बसतील.

आता माहितीपत्रकातल्या वाक्याकडे येते. ते वाक्य एका मूळ गोष्टीत चुकलेलं आहे. सोलकेटलची अभिक्रिया दोन्ही दिशांनी चालते: ग्लिसरॉल आणि ॲसिटोन मिळून सोलकेटल आणि पाणी, आणि पुन्हा उलटं. कोणताही उत्प्रेरक, कितीही तीव्र असो, या तराजूचा काटा हलवत नाही. काटा जिथं थांबणार तिथं तो लवकर पोचवतो, एवढंच त्याचं काम. काटा सोलकेटलकडे झुकवायचा तर ॲसिटोन जास्त घ्यायचं, ते तू केलंस, किंवा झालेलं पाणी काढत राहायचं. ही अभिक्रिया उष्णता बाहेर टाकते, त्यामुळे फार तापवणंही सोलकेटलच्या विरुद्धच जातं. सुरुवातीला तुझ्या फ्लास्कमध्ये दोन थर दिसले असतील, खाली जाड ग्लिसरॉल आणि वर ॲसिटोन. सोलकेटल होऊ लागलं की तेच दोघांना एकमेकांत मिसळवतं आणि थर नाहीसा होतो. तो क्षण किती मिनिटांनी आला, ते वहीत लिहिलं आहेस का? नसेल तर पुन्हा करून लिही. उपकरण न लागता वेग मोजायची ती साधी खूण आहे.

तांबूस रंग कुठून आला? ॲसिटोनकडून. फार तीव्र आणि भरपूर आम्ल मिळालं, की ॲसिटोनचे रेणू ग्लिसरॉल सोडून एकमेकांनाच जोडले जातात. दोन जोडून मेसिटिल ऑक्साइड होतं, मग साखळी वाढत जाते आणि रंग चढत जातो. ग्लिसरॉलही अशा आम्लात करपतं. आणखी एक गोष्ट तुझ्या ध्यानात आली नसेल. रेझीनचे मणी तू गाळून काढलेस आणि मग डिस्टिलेशन केलंस. सल्फ्युरिक गाळता येत नाही. ते तसंच ठेवून तापवलंस, तर ॲसिटोन उडून जातं, पाणी आणि आम्ल मागे राहतं, आणि झालेलं सोलकेटल पुन्हा मोडतं. आधी सोडा घालून आम्ल मारलं असतंस तर आकडा बराच सुधारला असता.

आम्लता हा एकच आकडा नसतो, हे मला शिकायला बरीच वर्षं लागली. उत्प्रेरकावर आम्लाचं काम करणाऱ्या जागा किती आहेत हा एक प्रश्न. प्रत्येक जागा किती जोराची हा दुसरा. ती जागा प्रोटॉन देते की इलेक्ट्रॉनची जोडी घेते हा तिसरा, आणि ग्लिसरॉलच्या बाबतीत हा तिसराच सगळ्यांत मोठा. प्रोटॉन देणारी ती ब्रॉन्स्टेड जागा, जोडी घेणारी ती लुईस जागा. आपल्याकडे सोलं, चिंच, आंबाडा, तोरं, सगळी आंबटच. पण बांगड्याच्या हुमणात काय पडतं आणि सुंगटांच्या हुमणात काय, हे ज्याच्या हाताला ठाऊक असतं त्याला 'आंबट घाल' एवढं सांगून भागत नाही.

ग्लिसरॉलमध्ये तीन कार्बन एका रांगेत, प्रत्येकावर एक हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. टोकाचे दोन सारखे, मधला निराळा. तुझा फ्लास्क नुसत्या गरम पाण्यात होता, पण समज, ग्लिसरॉलची वाफ 250 ते 350 अंशांवर घन आम्लावरून सोडली. ब्रॉन्स्टेड जागेचा प्रोटॉन लहान, तो मधल्या हायड्रॉक्सिलला जाऊन चिकटतो. तिथून पाणी सुटलं तर मागे राहणारा धनभार दोन्ही बाजूंचे कार्बन मिळून सांभाळतात, म्हणून ती वाट सोपी. पुढे आणखी एक पाणी जातं आणि ॲक्रोलीन तयार होतं. लुईस जागा म्हणजे स्फटिकात घट्ट बसलेला धातूचा अणू. त्याच्याजवळ गर्दी असते, रेणूचा मधला भाग तिथं नीट पोचत नाही. तो टोकाचं हायड्रॉक्सिल धरतो, तिथून पाणी जातं, आणि बनतं हायड्रॉक्सीॲसिटोन, म्हणजे ॲसिटॉल. तोच ग्लिसरॉल, तेच तापमान. मधून पाणी निघालं तर एक वस्तू, टोकातून निघालं तर दुसरी.

दोन्हींचा उपयोग मोठा आहे. ॲक्रोलीनपासून ॲक्रिलिक आम्ल होतं, त्यापासून रंग आणि बाळांच्या डायपरमधली पाणी शोषणारी पूड. कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ते मेथिओनीनही कारखान्यात ॲक्रोलीनपासूनच बनवतात. आज हे ॲक्रोलीन खनिज तेलापासून मिळणाऱ्या प्रोपिलीनपासून काढतात, म्हणून तर ते ग्लिसरॉलपासून काढायची एवढी धडपड. ॲसिटॉलला तांब्याच्या उत्प्रेरकावर हायड्रोजन दिला, की 1,2-प्रोपेनडायॉल मिळतं. आपल्या बेतूल, कुटबणच्या बंदरात फायबरच्या होड्या दिसतात, त्यांच्या पॉलिएस्टर रेझीनमध्ये हा डायॉल असतो. त्याचाच भाऊ 1,3-प्रोपेनडायॉल कापडाच्या धाग्यासाठी फार मोलाचा, पण तो मिळवायचा तर मधलंच हायड्रॉक्सिल काढावं लागतं. त्यासाठी प्लॅटिनमच्या जोडीला टंगस्टन ऑक्साइड घेतात, कारण टंगस्टन तिथं ब्रॉन्स्टेड जागा पुरवतं.

आता जोराबद्दल. मी नोकरीत असताना 2012 मध्ये दोन वर्षांची रजा घेऊन एका प्रयोगशाळेत याच कामावर होते. क्वार्ट्झची नळी, तिच्यात मध्यभागी दोन ग्रॅम झिओलाइट, म्हणजे अतिसूक्ष्म भोकांचं घन आम्ल, बारीक मिठासारखं पांढरंशुभ्र. बाहेरून 300 अंशांची भट्टी. वरून पंपाने थेंब थेंब ग्लिसरॉलचं 10 टक्क्यांचं द्रावण, खाली बर्फात बुडवलेली बाटली. ते झिओलाइट मी मुद्दाम तीव्र आम्लाचं निवडलं होतं, कारण तुझ्या माहितीपत्रकातलं वाक्य तेव्हा माझ्याही डोक्यात होतं. पहिल्या तासाला ॲक्रोलीन भरपूर. दुपारपर्यंत निम्म्यावर. संध्याकाळी नुसतं न बदललेलं ग्लिसरॉल खाली येऊ लागलं. दुसऱ्या दिवशी नळी उलटी केली, तर पांढऱ्या मिठाचं काजळ झालेलं. वजन केलं, ते वाढलं होतं. फार जोराच्या जागा ॲक्रोलीनला सोडतच नाहीत. ते तिथंच धरून ठेवतात, शेजाऱ्याला जोडतात, आणि त्याचा कोळसा होऊन भोकं बुजतात. झिओलाइटची भोकं आधीच ग्लिसरॉलच्या रेणूएवढीच अरुंद, तोंडाशी थोडा कोळसा बसला तरी आतल्या सगळ्या जागा वाया.

500 अंशांवर हवेत जाळल्यावर ते पुन्हा पांढरं झालं. पण हा उपाय सगळ्यांना लागू पडत नाही. जपानमध्ये 2007 साली सिलिकोटंगस्टिक आम्ल सिलिकावर बसवून 275 अंशांना ॲक्रोलीनची 85 टक्क्यांहून जास्त निवडकता मिळवली होती, म्हणजे बदललेल्या ग्लिसरॉलपैकी एवढ्याचं ॲक्रोलीनच झालं. त्या सिलिकाची भोकं 10 नॅनोमीटरची, म्हणजे झिओलाइटच्या मानाने मोकळीढाकळी, ये-जा करायला वाव. फार सुंदर काम. मात्र हे आम्ल कोळसा जाळायच्या तापमानाच्या जवळपास स्वतःच मोडतं. म्हणून कारखान्याला चालेल असा उत्प्रेरक शोधताना मध्यम जोर, मोठी भोकं आणि उष्णता सोसायची ताकद या तिन्हींचा मेळ घालावा लागतो. आणि पाण्याचा विसर पडू देऊ नकोस. ग्लिसरॉल पाण्यात मिसळूनच आत जातं, शिवाय प्रत्येक रेणूमागे दोन पाणी सुटतात, म्हणजे उत्प्रेरक कायम वाफेत. या वाफेत काही लुईस जागांवर पाणी बसून त्यांच्या ब्रॉन्स्टेड जागा होतात. बाटलीतून काढलेल्या कोरड्या पुडीची आम्लता आणि काम चालू असतानाची आम्लता एकच नसते.

त्याच दिवसांतलं आणखी एक सांगते, कारण तुम्ही मुली प्रयोग करता. त्या प्रयोगशाळेत फ्यूम हूडचा, म्हणजे वायू बाहेर ओढणाऱ्या काचेच्या कपाटाचा, पंखा नीट चालत नव्हता. तीनदा लेखी कळवलं होतं. एके दिवशी बाटलीभोवतीचा बर्फ वितळला, ॲक्रोलीन वाफ होऊन खोलीत पसरलं, आणि मी आणि तिथल्या मदतनीस बाई डोळे मिटूनच भिंत चाचपत बाहेर आलो. त्यांच्या डोळ्यांची आग दोन दिवस गेली नाही. पंखा चालत नसेल तर प्रयोग करायचा नाही. मार्क गेले तरी चालतील.

प्रश्न (एक वाचक, कळंगुट): माझ्या भावाचा शॅक आहे. हंगामात तळणाचं तेल बरंच साचतं. ते आणखी दोन-तीन शॅकवाल्यांकडून गोळा करून आम्ही बायोडिझेल करून पाहिलं, कॉस्टिक पोटॅश आणि मिथेनॉल वापरून. जनरेटरला चाललं. पण खाली काळपट, दाट ग्लिसरीन उरलंय, दोन ड्रम. ओळखीचे एकजण म्हणाले, त्यात ॲसिड घालून गरम करा, विकण्याजोगं केमिकल मिळेल. करावं का?

उत्तर: नाही. कृपा करून गरम करू नका. आम्ल आणि ग्लिसरीन एकत्र तापवलं की काय होतं, ते वरच्या दोन उत्तरांत आलंच आहे. शिवाय तुमच्या ड्रममध्ये नुसतं ग्लिसरीन नाही. जास्तीचं घातलेलं मिथेनॉल बरंचसं त्यातच उतरलेलं असतं. मिथेनॉल पोटात गेलं तर दृष्टी जाते, जीवही जातो. त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. ड्रमांची झाकणं घट्ट ठेवा, सावलीत ठेवा, जवळ विडी-सिगारेट नको, आणि मुलांचा वावर नको.

तुमच्या मित्राच्या सल्ल्यात रसायनशास्त्राची एक चूकही आहे. 100 किलो तेलामागे साधारण 10 किलो ग्लिसरॉल सुटतं, आणि तुम्ही वापरलेला पोटॅश बहुतेक सगळा त्याच थरात जातो, काही तसाच, काही साबण होऊन. मी वर ज्या आम्ल-जागांचं कौतुक केलं, त्या अशा ग्लिसरीनला भेटल्याबरोबर मरतात. एका पोटॅशियमने एक प्रोटॉन बाजूला सारला, की ती जागा संपली. रेझीन घाला नाहीतर झिओलाइट, थोड्याच वेळात ते नुसतं ओझं. सगळ्या जगातले बायोडिझेल कारखाने याच अडचणीशी झगडतात: ग्लिसरीन ढीगभर, पण उत्प्रेरकाला चालेल एवढं स्वच्छ नाही.

आम्लाचं इथलं खरं काम साफसफाईचं, आणि तेही थंड असताना. एकदा माझ्याकडे असंच ग्लिसरीन कोणी बाटलीत घालून आणून दिलं होतं, काकवीसारखं. प्रयोगशाळेत बीकरमध्ये थोडं घेऊन त्यात फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबाने घातलं, कागदावर पीएच बघत बघत. पाचाच्या खाली गेल्यावर ते गढूळ झालं. रात्रभर ठेवलं. सकाळी तीन थर: वर तपकिरी स्निग्धाम्लं, कारण साबण फुटला, मध्ये पिवळसर ग्लिसरीन, पाणी-मिथेनॉलसह, तळाला पांढरा क्षार. पोटॅश आणि फॉस्फोरिक मिळून पोटॅशियम फॉस्फेट होतं, आणि ते खत म्हणून चालतं. कॉस्टिक सोडा वापरला असतात तर हा फायदा नव्हता. हे मी काचेच्या कपाटात, मास्क लावून केलं. दोन ड्रमांवर करायची ही गोष्ट नव्हे. मिथेनॉल काढून घ्यायला बंद यंत्रणा लागते.

तुम्ही काय करावं? तेल गोळा करायची तुमची कल्पना मला मनापासून आवडली. तेच काम धरून ठेवा. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, 2018 मध्ये रुको नावाची योजना सुरू केली, वापरलेलं तेल मान्यताप्राप्त संकलकांमार्फत बायोडिझेल कारखान्यांकडे जावं म्हणून. त्याच वर्षी 1 जुलैपासून तळणाच्या तेलात पोलर घटक (तेल पुन्हा पुन्हा तापून बिघडल्यावर वाढणारे) 25 टक्क्यांपेक्षा जास्त झाले, तर ते तेल खाण्यासाठी वापरायला बंदी आली. पाच-सहा शॅकचं तेल एकत्र करून अशा संकलकाला दिलंत, तर ग्लिसरीनचं पुढचं बघायला तिथं यंत्रणा असेल. आत्ताच्या दोन ड्रमांसाठीही त्यांनाच विचारा. ओहोळात किंवा वाळूत ओतायचा विचार मनात आणू नका.

तुमचं ग्लिसरीन टाकाऊ आहे असं मात्र म्हणू नका. पूर्वी एपिक्लोरोहायड्रिन नावाच्या द्रव्यातून ग्लिसरीन तयार करायचे, तेही प्रोपिलीनपासून. बायोडिझेलमुळे ग्लिसरीन एवढं स्वस्त झालं, की आता उलटी गंगा वाहते. ग्लिसरीनवर हायड्रोजन क्लोराइड सोडून, कार्बोक्सिलिक आम्लाच्या मदतीने, एपिक्लोरोहायड्रिन बनवतात. एपॉक्सी गोंद आणि रंग त्यापासून होतात. तिथंही उत्प्रेरक आम्लच, आणि साधं सौम्य आम्ल.

प्रश्न (हायस्कूल शिक्षक, वाळपई): आमच्या शाळेत ब्युरेट आणि पिपेट याखेरीज काही नाही. घन उत्प्रेरकाची आम्लता मुलांना मोजून दाखवता येईल का?

उत्तर: येईल सर, आणि फार छान दिसतं ते. ॲम्बरलिस्ट मिळालं नाही तर पाणी मऊ करायच्या यंत्रातलं रेझीन घ्या. हॉटेलवाल्यांकडे बोअरच्या पाण्यासाठी असतं, मूठभर कोणीही देईल. ते सोडियम रूपात असतं. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात तासभर भिजवून, मग लिटमस लाल होईनासा होईपर्यंत शुद्ध पाण्याने धुवा. 100 अंशांच्या आसपास कोरडं करा. 120 च्या वर नेऊ नका, रेझीन बिघडतं.

अर्धा ग्रॅम अचूक तोलून शंकुपात्रात घ्या. त्यावर मिठाचं दाट द्रावण ओता, 50 मिली पुरे. आता मुलांना लिटमस बुडवायला सांगा. मीठ उदासीन, मणी पाण्यात विरघळत नाहीत, तरी कागद लाल! सोडियम आत जातो आणि प्रोटॉन बाहेर येतो. हे पाहताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. रात्रभर ठेवून गाळा, मणी धुऊन ते पाणीही त्यातच घ्या, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब घाला, आणि 0.1 नॉर्मल कॉस्टिक सोड्याने टायट्रेट करा. ॲम्बरलिस्ट-15 असेल तर 23.5 मिलीच्या आसपास गुलाबी यायला हवं. तुमच्या रेझीनचा आकडा थोडा वेगळा येईल, येऊ द्या. जो येईल तो मुलांना फळ्यावर लिहायला लावा.

यातून जागांची संख्या कळते, पण जोर आणि जात कळत नाही. मोठ्या प्रयोगशाळेत जोर मोजायला अमोनिया वापरतात. उत्प्रेरकाला अमोनिया पाजायचा, मग हळूहळू तापवायचं. सौम्य जागा त्याला लवकर सोडतात, तीव्र जागा चारशे-पाचशे अंशांपर्यंत धरून बसतात. जातीसाठी, म्हणजे जागा ब्रॉन्स्टेड की लुईस हे पाहायला, पिरिडीन नावाचं आम्लारी द्रव्य. ते ब्रॉन्स्टेड जागेवर बसलं, तर अवरक्त किरणांच्या आलेखात 1545 प्रति सेंटिमीटरच्या आसपास शिखर दिसतं. लुईस जागेवर बसलं तर 1450 जवळ. दोन शिखरांची उंची ताडून पाहिली, की हा उत्प्रेरक ॲक्रोलीनकडे झुकेल की ॲसिटॉलकडे, याचा अंदाज प्रयोगाआधीच येतो. त्या आलेखाचं चित्र छापून वर्गात लावा. दहावीच्या मुलांनाही दोन डोंगर आणि दोन वाटा समजतात, मी समजावून पाहिलं आहे.

प्रश्न (एक वाचक, चोडण): ग्लिसरीनसाठी आम्लच लागतं का? आमच्या आजोबांच्या काळी शिंपले भाजून चुना करत. चुन्याचा काही उपयोग?

उत्तर: आहे, आणि चांगला आहे. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. 900 अंशांच्या आसपास भाजलं की कळीचा चुना होतो, तो तीव्र आम्लारी. ग्लिसरॉल आणि डायमिथिल कार्बोनेट त्यावर तापवलं, तर पाणी न काढता वेगळ्याच रस्त्याने ग्लिसरॉल कार्बोनेट मिळतं. हे द्रावक म्हणून, बॅटरीच्या संशोधनात आणि प्लास्टिकसाठी उपयोगाचं. तापमान शंभर अंशांच्याही खाली चालतं, कोळसा होत नाही. तेलापासून बायोडिझेल करायलाही हाच चुना चालतो. एक काळजी घ्यावी लागते: भाजलेला चुना उघड्यावर ठेवला, तर हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन तो मंदावतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर काही तासांतच. भाजल्यावर गरम असतानाच घट्ट झाकणाच्या बरणीत भरायचा.

तुमच्या आजोबांच्या भट्टीची जागा अजून दिसते का? तिचा आकार, कोणते शिंपले, जळण कसलं आणि किती वेळ, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मला लिहून पाठवा.